सात कुलपांची गुहा आणि न आलेला घरमालक

मी एक जुनी कॉम्प्युटरची पेटी आहे. जुनी म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. बटण दाबलं की अजून पहिल्या दमात चालू होते. तुमच्यातले किती जण पहिल्या हाकेला उठतात, ते आधी सांगा.

माझा जन्म उल्हासनगरात, धर्मेशशेठच्या दुकानात झाला. पत्रा एकीकडचा, मेंदू दुसरीकडचा, पंखा भलतीकडचाच. कोणाचं कोणाशी नातं नव्हतं. धर्मेशशेठने स्क्रू आवळले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, "ले जाओ साईं, बिनधास्त! ये हूं का चूं नहीं करेगी." तेव्हापासून मी हा संसार एकत्र धरून आहे.

माझी पहिली नोकरी कुळगावच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये. मुलं चपला बाहेर काढून माझ्यापुढे बसायची. एसी माझ्यासाठी होता, मास्तर नुसते त्या वाऱ्यात उभे राहायचे. दसऱ्याला मला झेंडूचा हार असायचा. असे दिवस पाहिलेत मी!

पुढे क्लासने नव्या पेट्या घेतल्या आणि मी अंबरनाथ पश्चिमेला उन्मेषच्या घरी आले. उन्मेष कारखान्यात साहेब. सुरुवातीला मला शिवलेलं कव्हर होतं. मग घरात मोबाइल आले आणि माझ्या डोक्यावर लोणच्याची बरणी आली. उन्मेषची आई, कुंदाबाई, मला 'खोका' म्हणायच्या. आम्ही दोघी एकाच स्वभावाच्या, त्यामुळे आमचं पटत नव्हतं.

एके दिवशी उन्मेषने फर्मान काढलं, "आता लॅपटॉप घ्यायचा. ही पेटी भंगारात."

माझा पंखा जागच्या जागी थांबला. पण त्याची मुलं, राही आणि सोहम, ओरडली. 'सात कुलपांची गुहा' हा सिनेमा त्यांनी टीव्हीवर इतक्यांदा पाहिला होता की शेजाऱ्यांनाही पाठ झाला होता. त्यावरच्या गेमची सीडी त्यांना नुकतीच मिळाली होती, आणि लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नव्हती. ती जागा माझ्याच पोटात आहे.

"बरं," उन्मेष म्हणाला, "गेम संपेपर्यंत राहू दे हिला. संपला की भंगारवाला."

मी निवांत झाले. सात कुलपं, गुहा, साप, भुयार! सिनेमात तर नायक अर्धमेला झाला होता. म्हटलं, दिवाळीपर्यंत तरी चिंता नाही.

कसली दिवाळी! झोपडीत शिरायचं, खुंटीवरची चावी घ्यायची, गुहेत जायचं. कुठे टिचकी मारायची तिथे बाण लुकलुकायचा. तरी कळलं नाही तर एक पोपट ओरडायचा, "चाबी उठाओ! चाबी उठाओ!" साप होता, पण तो झोपलेला. आणि त्या एका चावीने सातही कुलपं उघडली. कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आत खजिना हातात!

"झाला?" सोहमचं तोंड एवढंसं झालं. "बस, एवढंच?"

"काय बकवास गेम आहे यार," राही म्हणाली. "बालवाडीतल्या पोरांसाठी बनवलाय."

कुंदाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "एकाच चावीने उघडायची होती तर सात कुलपं लावली कशाला? लोकांना दाखवायला?"

उन्मेषने मात्र आनंदाने फोन काढला. "संपला ना? बोलावतो भंगारवाल्याला."

तेव्हा भाजीची ताटली खाली आपटली. "संपला कसा? माझा कुठे झालाय? घरात आणलेली वस्तू सगळ्यांची. मला विचारलं कुणी?"

"आई, तू गेम खेळणार?"

"का? मला हात नाहीत?"

राहीने आजीला माऊस धरायला शिकवलं. झोपडी आली. पोपट ओरडला, "चाबी उठाओ!"

कुंदाबाईंनी माऊसवरून हात काढून घेतला. "ही झोपडी कोणाची?"

"कोणाची नाही गं आजी. चावी घे आणि चल."

"कोणाची नाही कशी? चूल आहे, खुंटी आहे, दोरीवर धोतर वाळतंय. लोकांच्या घरात शिरून चाव्या उचलायच्या? आपल्यात करतात का असं?"

"आई, चित्र आहे ते!" उन्मेष कपाळाला हात लावत म्हणाला.

"मग चित्रातच बसते की मी. घरमालक येऊ दे, त्याला विचारते, मग घेते." पोपट पुन्हा ओरडला. "तू गप रे मेल्या! तुझ्यासारख्यांमुळेच पोरं बिघडतात."

त्या रविवारी भंगारवाला तराजू घेऊन दारात आला. उन्मेषने माझी वायर हातात धरली. मित्रांनो, माझे सगळे स्क्रू सैल झाले! कुंदाबाई देवापुढची वात लावत होत्या, तिथूनच कडाडल्या, "उन्म्या, शब्द दिलायस तू! खेळ संपेपर्यंत म्हणाला होतास ना? आणि तुम्ही हो भाऊ, उभे का? आमचा माणूस यायचाय अजून. चहा घ्या आणि जा."

भंगारवाला चहा पिऊन गेला. वायर भिंतीतच राहिली.

आता रोज संध्याकाळी त्या मला चालू करतात, चष्मा लावून झोपडीत डोकावतात आणि म्हणतात, "नाही आला अजून. शेतावर असेल." मग सोहम त्यांच्या मांडीला टेकून बसतो आणि तो माणूस शेतात काय लावत असेल यावर दोघांचं भांडण जुंपतं. गेम खेळताना एवढी मजा त्याला आली नव्हती.

मित्रांनो, मागणं एवढंच. चालतं यंत्र काढून टाकायच्या आधी घरातल्या सगळ्यांना विचारा. आणि अधूनमधून आमच्या पंख्यातली धूळ पुसा. आम्ही घोरतो ते म्हातारपणामुळे नाही, धुळीमुळे.

सीडी माझ्या पोटात आहे, म्हणून मला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. त्या झोपडीला मालक काढलेलाच नाही. तो कधी येणार नाही. कुंदाबाईंना हे ठाऊक आहे की नाही, ते मी विचारत नाही. काल त्यांनी पदराने माझा पत्रा पुसला आणि कोणाचं लक्ष नाही असं पाहून हळूच म्हणाल्या, "घाई कसली आहे? येईल सावकाश."