न गेलेल्या पत्राची स्थळप्रत

डोळे मिटा जरा, आणि एक म्हातारा माणूस समोर आणा. जानेवारीची कडाक्याची थंडी आहे. म्हाताऱ्याचा हात थरथरतो, तरी तो टेबलाशी बसून पत्र लिहितो आहे. एके काळी तो अख्ख्या देशाचा राष्ट्राध्यक्ष होता, आता घरी बसलेला आहे. आणि ज्याला तो लिहितो आहे, त्यानंच त्याला निवडणुकीत हरवलं होतं. जवळजवळ अकरा वर्षं दोघांत बोलणं नाही. पत्र पोचायला कितीतरी दिवस लागणार, आणि उत्तर येईलच असं नाही. दिसला म्हातारा? आता डोळे उघडा.

आचलनंही वर्गात असेच डोळे उघडले, तेव्हा सुरभी मॅडम मोबाइलवर त्या पत्रांचे फोटो दाखवत होत्या. आचल सहावीत होती. अल्लीपूरच्या पलीकडच्या एका लहान गावात तिची शाळा. मॅडमनी सांगितलं, लिहिणारे होते जॉन अ‍ॅडम्स, अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष. ज्यांना लिहिलं ते थॉमस जेफरसन, तिसरे. उत्तर आलं. मग चौदा वर्षांत दोघांनी मिळून दीडशेहून जास्त पत्रं लिहिली. अ‍ॅडम्सचा हात चालेना, तेव्हा ते सांगत आणि घरातलं कुणीतरी लिहून घेई. आणि शेवटी दोघं एकाच दिवशी गेले. त्यांनी मिळून देशाच्या स्वातंत्र्याचा जो जाहीरनामा घडवला, त्याला त्याच दिवशी पन्नास वर्षं पूर्ण झाली होती.

आचलच्या अंगावर काटा आला. दोनशे वर्षांपूर्वीचा थरथरता हात, आणि त्याची वळणं इथं, मॅडमच्या मोबाइलवर!

घरी येताच ती दप्तरासकट वाडीत गेली. आजोबा बाबाराव, तिचे आबाजी, तिथं सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या वाफ्याला पाणी देत होते. तिनं धापा टाकत सगळं सांगितलं.

"थांब," आबाजी म्हणाले. "आधी कोणं लिहिलं म्हणतं?"

"अ‍ॅडम्सनं."

"म्हंजे हरलेल्यानं?"

"हो ना आबाजी."

आबाजींनी पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "हरलेल्यानंच?"

असं दोनदा विचारण्याला कारण होतं. आबाजी पंधरा वर्षं गावचे सरपंच होते. मग बंडूजींनी त्यांना हरवलं. त्याआधी दोघं एका ताटात जेवणारे. पण हरल्यावर आबाजींनी ग्रामपंचायतीच्या किल्ल्या नव्या सरपंचाच्या हातात दिल्या नाहीत, चपराशाबरोबर पाठवून दिल्या. तेव्हापासून बारा वर्षं दोघं समोरासमोर आले की एक जण गल्ली बदलायचा. आता बंडूजीही सरपंच नव्हते. त्यांचा मुलगा पिपरी मेघेत राहायचा, आणि या रविवारी तो वडलांना कायमचं तिकडे घेऊन जाणार होता. आज शुक्रवार होता. रविवारनंतर बदलायला गल्लीसुद्धा उरणार नव्हती, हे आचलला कळत होतं. आबाजींना तर कळतच होतं. चार दिवसांपासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

"अन् आबाजी, त्या जेफरसनजवळ एक मशीन होती. तिले दोन पेनं. एकानं लिहिलं की दुसरं आपोआप तसंच लिहे. म्हणून त्यायची पत्रं राह्यली."

"त्यात काय मोठं!" आबाजी एकदम खुलले. "माह्याजवळ कार्बन होता. चाल, दाखवतो तुले."

त्यांनी पलंगाखालची पेटी ओढली. आत फायलीच फायली. आबाजींनी सरपंच असताना लिहिलेल्या प्रत्येक पत्राची एक जास्तीची प्रत काढून घरी ठेवली होती, पातळ कागदावर, जांभळ्या अक्षरांची.

"याले स्थळप्रत म्हणते. पत्र जाते, स्थळप्रत राह्यते. म्हणून इथं तुले निस्त्या कार्बनच्याच प्रती दिसन."

आचल एकेक कागद उलटू लागली. पाण्याच्या टाकीसाठी सात पत्रं. नाल्यावरच्या पुलासाठी अकरा. आणि एक, "शाळेस दोन वर्गखोल्या मिळणेबाबत." खाली दोन सह्या: बाबाराव, बंडूजी.

"आबाजी, ही आमची खोली?"

"मंग! बंडूनं मजकूर सांगितला, म्या लिहिला. अक्षर माहं चांगलं, डोकं त्याचं."

आचलनं तो कागद दोन्ही हातांनी धरला. ज्या भिंतीला टेकून ती रोज बसायची, ती भिंत आधी एक वाक्य होती. फुंकर मारली तर उडेल अशा कागदावरचं. तिला वाटलं, गावातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी आधी लिहिली असेल.

मग शेवटच्या फायलीत तिला टाचणी लावलेले दोन कागद सापडले. एक जांभळा कार्बनचा, दुसरा निळ्या पेनाचा. मजकूर तोच. "श्री. बंडूजी यांस. निवडून आल्याबद्दल अभिनंदन. किल्ल्या द्यायला उद्या सकाळी मी स्वतः येतो."

"आबाजी, पत्र जाते अन् स्थळप्रत राह्यते ना? मंग या दोनही प्रती इथंच काऊन?"

आबाजींनी कागद घेतले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"रातभरात राग आला बेटा. सकाळी चपराशालेच धाडलं." कागद परत फायलीत ठेवत ते म्हणाले, "जाऊ दे. तो तं आता चालला."

"म्हणूनच तं आता धाडा ते," आचल म्हणाली.

शनिवारी सकाळी ती उठली, तेव्हा आबाजी अंगणात खुर्चीवर बसले होते, मांडीवर पाट, पाटावर दोन कागद आणि मध्ये कार्बन. तिनं वाकून वाचलं.

"प्रति, श्री. बंडूजी, माजी सरपंच.
विषय : कार्यालयाच्या किल्ल्या स्वतः आणून न दिल्याबाबत.
संदर्भ : माझे बारा वर्षांपूर्वीचे न पाठवलेले पत्र.
महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, ते माझे चुकले. जुने पत्र सोबत जोडले आहे. माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर."

"आबाजी! दोस्ताले असं लिह्यते का कोणी? हे तं कलेक्टरले लिह्यल्यावानी झालं."

"मले दुसरं येतच नाई," आबाजी म्हणाले. "उभा जन्म हेच लिह्यलं."

त्यांनी जुन्या पत्राची टाचणी काढली. निळी प्रत नव्या पत्रासोबत पाकिटात गेली, जांभळी फायलीत. बारा वर्षांनी त्या दोघी वेगळ्या झाल्या. उरलेला कार्बन आचलनं मागून घेतला आणि कंपासपेटीत घडी करून ठेवला.

आचल पाकीट घेऊन गेली, तेव्हा बंडूजींच्या घरी सामान बांधून ठेवलं होतं. त्यांची सून सुलोचना बांधाबांध करायला आदल्या दिवशीच आली होती. तिनं दार उघडलं. बंडूजी खाटेवर बसले होते.

"बाबारावची नात न तू? काय पाठवलं त्यानं? पुन्हा किल्ल्या?"

आचलनं पाकीट पुढे केलं. बंडूजींचे हात इतके थरथरत होते की पाकीट सुलोचनाला फोडावं लागलं. त्यांनी नवं पत्र वाचलं. मग जुनं. मग पुन्हा नवं. आचलला वर्गातला तो फोटो आठवला, आणि एक क्षण तिला कळेना, समोरचा हात दोनशे वर्षांपूर्वीचा की आत्ताचा.

"यावर आवक नंबर नाई," बंडूजी अखेर म्हणाले. "आलेल्या पत्रावर नंबर टाकायचा असते. टाक पोरी. आवक क्रमांक एक."

आचलनं टाकला.

"किल्ल्या पाठवल्या त्यानं, पण कपाटाचं कुलूप अडते हे सांगितलंच नाई. सहा महिने लाथा मारून उघडलं म्या ते कपाट! सांगजो त्याले... नाई, थांब. आपणच लिहू. माह्या हातानं आता होत नाई. मी सांगतो, तू लेह्य. सुलोचना, कागद दे इले. अन् पिपरीचा पत्ता खाली पुरा टाकजो पोरी, त्याचं उत्तर तिकडं आलं पाह्यजे."

सुलोचनानं वहीतून एक कोरा कागद फाडून दिला.

"अजून एक द्या काकू," आचल म्हणाली. तिनं कंपासपेटी उघडली, कार्बनची घडी उलगडली, दोन्ही कागदांच्या मध्ये नीट सरळ ठेवली, आणि पेन दाबून लिहिलं, "प्रति."