बंद म्हणजे काय

तंत्रज्ञ बाईंनी बॅगेची चेन उघडायच्या आत धाकट्याने ती बॅग ओढून मांडीवर घेतली.

“आधी सांगा, तुम्हाला कुणी बोलावलं?”

बाईंनी ताईकडे पाहिलं. ताई खिडकीपाशी टॉवेलच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही, आणि धाकट्याला तेवढं पुरलं. कालच ती स्वयंपाकघरात फोनवर कुजबुजत होती, “बाबांचं मशीन बंद करायचंय.” तेव्हापासून तिने आणलेलं औषधसुद्धा तो बाटलीवरचं नाव वाचूनच बाबांना देत होता. सेवा करून कंटाळली असेल, पण म्हणून माणूस असा जिवावर उठतो? सख्खी मुलगी!

“छातीतलं मशीन बंद म्हणजे हृदय बंद. मी काय दूधखुळा आहे?”

“नाही हो,” बाई म्हणाल्या. “हृदय आपलं आपणच चालतंय. ठोके बिघडले की हे यंत्र आतून झटका देतं, तेवढा झटका बंद करायचा. नाहीतर शेवटच्या घटकेलाही ते झटक्यावर झटके देत बसेल. डॉक्टर बोललेत तुमच्या बाबांशी.”

“छान पढवलंय ताईने तुम्हाला!”

“तिला कशाला बोलतोस?” पलंगावरून बाबा म्हणाले. एवढ्यानेही त्यांना दम लागला. “मीच सांगितलं. परवा झटका बसला तेव्हा वाटलं, छातीत कुणी घण घातला. झोपायचीही भीती वाटते रे.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तू रडला असतास. मग मीच नको म्हणालो असतो.”

धाकट्याने बॅग परत दिली. संशय मात्र गेला नाही. बाईंनी एक चपटं उपकरण बाबांच्या छातीवर टेकवलं, सोबतच्या टॅबच्या पडद्यावर बोट दाबलं आणि म्हणाल्या, “झालं.”

बाबांनी डोळे मिटले. मान कलली, तोंड किंचित उघडं पडलं. धाकट्याने ताईकडे असं पाहिलं की ती मागे सरली. मग वाकून त्याने बाबांच्या नाकाखाली बोट धरलं.

“आहे अजून,” बाबा डोळे न उघडताच म्हणाले. “झोपू दे की लेका.”

बाई निघून गेल्या. थोड्या वेळाने बाबा चक्क घोरू लागले. ताईचे डोळे भरून आले.

“तू पड जरा,” धाकटा हळूच म्हणाला. “मी बसतो इथे.”

“पहारा द्यायला?”

त्याने तिच्या हातातला टॉवेल घेतला आणि स्वतःच घडी घालू लागला.