दोन बोटं खाली

मित्रांनो, माझ्या दस्त्यावर वार्निशचे तीन थर चढले आणि तिन्ही ठिकठिकाणी उडाले, त्यावरून माझं वय ओळखा. मी पॉइंट टू-टूची जुनी रायफल. सौसरच्या एका नेमबाजी मंडळात राहते. माझ्या गोळीने आजवर कागदाशिवाय काहीही टिपलेलं नाही, आणि याचा मला अभिमान आहे.

नवी होते तेव्हा मी फार मिरवत असे. माझी गोळी आवाजाच्याही पुढे धावायची. गोळीने आवाजाला असं मागे टाकलं की हवेत कडाड होतं. आमचं मैदान रामाकोन्याला, संत्र्याच्या बागेला लागून. तो कडाड गावभर ऐकू जाई. मला हातात घ्यायला पोरं भांडत. पुढे नव्या रायफली आल्या आणि मी कोपऱ्यात गेले.

मला कोपऱ्यातून काढलं ते करुणाने. तिची माय इंदू बागेत संत्री तोडायला जाते. नव्या रायफली बाकीच्यांनी धरून ठेवलेल्या, म्हणून हिच्या वाट्याला मी आले. दोन वर्षं तिने माझी नळी स्वतःच्या हाताने पुसली. यंदा भोपाळच्या स्पर्धेसाठी चौघांची निवड होणार होती, आणि करुणाचं नाव यादीत होतं.

तेवढ्यात बागमालक भैय्याजी तणतणत आले. "देवीदास सर, माही म्हैस आठ दिवसांपासून पान्हा चोरून राहिली. तुमचं हे कडाड-कडाड बंद करा!"

देवीदास सर आमचे प्रशिक्षक, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी आवाजापेक्षा हळू जाणाऱ्या गोळ्या मागवल्या. त्यांचा कडाड होत नाही, नळीच्या तोंडाशी नुसता धप्प आवाज येतो. म्हैस पान्हावली, भैय्याजी खूश झाले. पण हळू गोळीला कागदापर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात ती जास्त खाली उतरते. नव्या रायफलींच्या नेमपट्ट्या, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या पट्ट्या, पोरांनी रोजच्यासारखे स्क्रू फिरवून जुळवल्या. माझ्या नेमपट्टीला मात्र कुणी हात लावू नये म्हणून सरांनीच कधीकाळी तिच्या स्क्रूवर लाल नेलपॉलिश लावून ठेवलं होतं. आता सर स्वतःच ते विसरले.

निवडीच्या दिवशी करुणाने नव्या गोळ्या माझ्यातून पहिल्यांदाच झाडल्या, आणि पाचही दोन बोटं खाली लागल्या.

"तू खटका झटकून राहिली. भीती घेतली तू," सर म्हणाले. "अन् हे रायफलही म्हातारी झाली, आवाजात दमच नाही." त्यांनी यादीतलं तिचं नाव कापलं.

करुणा माझ्या दस्त्यावर गाल टेकवून पडून राहिली. दस्ता ओला झाला. माझा जीव तुटला, पण मला एकच तोंड, आणि ते बोलण्याच्या कामाचं नाही.

मग ती उठली आणि कागद घेऊन सरांपुढे गेली. "सर, मी घाबरली असती तं गोळ्या इकडेतिकडे गेल्या असत्या. हे पाहा, पाचही एका लिंबाएवढ्या जागेत आहेत. तुम्हीच मारून पाहा न."

सरांना असं बोलायची कुणाची छाती नव्हती. ते मला घेऊन पोटावर झोपले आणि त्यांनी पाच गोळ्या झाडल्या. मंडळातला विशाल कागद घेऊन आला. दोन बोटं खाली, लिंबाएवढ्याच जागेत.

सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. मग त्यांनी गोळ्यांच्या डब्यावर लिहिलेला वेग वाचला आणि नखाने माझ्या स्क्रूवरचं नेलपॉलिश खरवडलं. "पोरी, चूक माही आहे," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "गोळी मी बदलली, अन् दोष तुले दिला."

नेमपट्टी वर घेतल्यावर करुणाच्या पाचही गोळ्या काळ्या ठिपक्यात बसल्या. कापलेलं नाव सरांनी पुन्हा लिहिलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना पुसा, तेल द्या, हे तर मी सांगणारच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. कुणाचा नेम चुकताना दिसला, तर त्याच्या हातात आपण काय दिलंय ते आधी पाहा. करुणा बोलली म्हणून निभावलं. खाली मान घालून गुपचूप घरी गेलेली पुष्कळ पोरं मी पाहिली आहेत.