भिकाबाईचं फ्रेंच नाव

बेआत्रिस हे नाव भिकाबाईला पटलं नाही. आणि एखादी गोष्ट भिकाबाईला पटली नाही, म्हणजे ती तांड्यात बाकी कुणाला पटून काही उपयोग नसतो, हे तिची नात मिना लहानपणापासून ओळखून होती. तरी तिला वाटलं होतं, दादी फार तर तोंड वाकडं करील आणि पुन्हा हळकुंडं निवडायला लागेल. तसं काही झालं नाही.

कळमनुरीच्या डांबरी रस्त्यावरून आत तीन किलोमीटरवर यांचा तांडा. मिना इथली पहिलीच पोरगी, जी पुण्याला जाऊन फ्रेंच शिकली. आता गावातच राहून कागदपत्रांचे अनुवाद करते. पाण्याच्या टाकीशेजारच्या लिंबाखाली नेट चांगलं येतं, म्हणून तिचं ऑफिस म्हणजे ती लिंबाखालची बाज. तिथं बसून दोन वर्षं खपून तिनं दादीच्या अकरा गोष्टी फ्रेंचमध्ये उतरवल्या होत्या. फ्रान्समधल्या लियों शहरात लहानशी प्रकाशनसंस्था चालवणाऱ्या एस्तेरबाईंना त्या आवडल्या. पुस्तक दोन तऱ्हेनं निघणार होतं, एक तिथल्या सगळ्या लेकरांसाठी आणि एक ज्यू शाळांमधल्या लेकरांसाठी. एस्तेरबाई स्वतः ज्यू.

अडचण एकच होती. थावरा, भिका, कचरू ही गोष्टींतली नावं तिकडच्या पोरांच्या जिभेवर बसेनात. म्हणून बाईंनी एक तक्ता पाठवला. डावीकडं तांड्यातली नावं, मधे फ्रेंच नावांचा रकाना, उजवीकडं ज्यू नावांचा. सोमवारपर्यंत भरून पाठव, नाहीतर पुस्तक पुढच्या वर्षावर जाईल, असंही त्यांनी लिहिलं होतं.

पुढच्या वर्षापर्यंत थांबणं मिनाला परवडणारं नव्हतं. या थंडीत दादी पंधरा दिवस नांदेडच्या दवाखान्यात होती. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, वय झालंय, जपा. दादीनं ते पुस्तक स्वतःच्या हातात धरावं, एवढी एकच गोष्ट मिनाला हवी होती.

तिनं एका सकाळीत रकाने भरून टाकले. कानाला जवळचं लागेल ते घेतलं. थावराचा झाला त्येरी आणि तोविया. भिकाची झाली बेआत्रिस आणि बत्या. नावं गोड होती, आणि खरं सांगायचं तर मिनाला ती मुळातल्या नावांपेक्षा जास्त आवडली. पुण्याच्या वर्गात एकदा सगळ्यांनी आपापल्या आजीचं नाव सांगायचं होतं. हिनं सांगितलं, तर मागून एक पोरगी म्हणाली, भिका म्हणजे भिकारी का गं? वर्ग हसला. तेव्हापासून मिनानं दादीचं नाव चारचौघांत काढणं सोडलं होतं. पुस्तकाच्या कव्हरसाठीसुद्धा तिनं लेखिकेचं नाव नुसतं 'बी. राठोड' असं कळवलं होतं, आणि ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

तर दुपारी ती तक्ता घेऊन अंगणात बसली. दादी सुपात हळकुंडं निवडत होती आणि मिनाचे वडील थावरा जेवून खांबाला टेकले होते. घरातलं बोलणं गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत चालतं, इथं ते मराठीत सांगितलेलं बरं.

"त्येरी म्हंजे कोन्ता वार?" भिकाबाईनं विचारलं.

"वार न्हाई दादी, नुसतं नाव हाय."

"मंग राजा हसंल कशाला?"

आली का पंचाईत. थावर म्हणजे शनिवार. गोष्टीतला थावरा बैलांवर मीठ लादून आणतो. राजाचा हुकूम असतो, मीठ थावराला पोचलं पाहिजे, नाहीतर मुंडकं उडवीन. हा पोचतो रविवारी आणि छाती काढून म्हणतो, "महाराज, मी आज आलो, म्हंजे थावर आजच आला." राजा हसतो आणि सोडून देतो. आता त्येरी म्हणाला मी आलो, तर राजा म्हणणार, आलास ते बरं केलंस, मान पुढं कर.

"मपलं मुंडकं गेलं म्हना की," मिनाचे वडील खांबाला टेकल्या टेकल्या म्हणाले. तेही शनिवारीच जन्मलेले.

"अन भिकाचं काय केलंस?" दादीनं सूप खाली ठेवलं.

"बेआत्रिस."

"त्याचा मायना काय?"

"सुखी करनारी. असं कायतरी."

 भिकाबाईनं आपली गोष्ट सांगायला घेतली. मिनाला ती तोंडपाठ होती, तरी दादी पहिल्यापासून सांगू लागली. एका बाईची सात लेकरं पाठोपाठ गेली. आठवी पोरगी झाली. बाईनं तिला सुपात घालून शेजारणीच्या दारात ठेवलं. मग पदर पसरून त्याच दारात गेली आणि म्हणाली, माय, भीक वाढ. शेजारणीनं मूठभर जोंधळे आणि ती पोरगी तिच्या पदरात घातली. सातव्या दिवशी मरण आलं. पोरीचं नाव काय? भिका. कुणाची? कुणाची न्हाई, भीक मागून आणली. मरण म्हणालं, मी घरधन्याचं नेतो, भिकेतलं न्यायला मी काय भिकारी हाय? आणि आल्या पावली परत गेलं.

"आता तुज्या पुस्तकात मरण आलं," दादी म्हणाली, "अन मपल्या मायनं सांगितलं, हिचं नाव सुखी करनारी. ठेवंल का ते? अशी पोरगी तर ते आधी उचलंल. तू मला पाळन्यातच मारून टाकलंस, बाई."

ती गोष्ट नव्हतीच, हे तांड्यात सगळ्यांना माहीत होतं. दादी तिच्या आईची आठवी.  मिना दोन वर्षं ज्या पोरीसाठी खपली, तिलाच तिनं एका सकाळीत मारलं होतं, आणि वर नाव गोड आहे म्हणून खूशही झाली होती.

"लाव तुज्या बाईला फोन. मी बोलते," दादी म्हणाली.

लिंबाखाली बाजेवर दादी बसली, पदर सारखा करून. समोर लॅपटॉपवर एस्तेरबाई आल्या, पिकल्या आखूड केसांच्या, गळ्यात चष्मा अडकवलेल्या. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि पहिलाच प्रश्न विचारला तो नेमका हाच. कव्हरवर नुसतं बी आहे. तुमचं पूर्ण नाव काय?

"काय म्हनून राहिली?" दादीनं विचारलं.

 दोन्ही भाषा फक्त मिनालाच येत होत्या. तिला दोन्हीकडं खोटं सांगता आलं असतं आणि दोन्हीकडं खपलंही असतं. तिनं दादीकडं पाहिलं.

"दादी, पुस्तकावर म्या तुझं नाव पुरं टाकलं न्हाई. मला लाज वाटली."

दादीनं ऐकलं. रागावली नाही. नुसती म्हणाली, "तिला सांग. पुरं सांग."

मग मिनानं फ्रेंचमध्ये सांगितलं. हिचं नाव भिका. म्हणजे भीक मागून आणलेली. सूप, जोंधळे, शेजारीण, मरण, सगळं सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज मोकळा झाला. 

"तिला इचार," दादी म्हणाली, "त्यायच्याकडं लेकरं मरत नव्हती का? मंग नावं काय ठेवायचे?"

मिनानं ते फ्रेंचमध्ये विचारलं. एस्तेरबाई म्हणाल्या, "माझ्या आजीचं नाव आल्टे होतं. आमच्या जुन्या भाषेत आल्टे म्हणजे म्हातारी. तिच्या आधीची चार भावंडं गेली होती. म्हणून जन्मल्याबरोबर तिला म्हातारी म्हणायला लागले. मरण तान्हं लेकरू शोधत आलं, तर घरात म्हातारी."

मिनानं ते सांगितलं आणि भिकाबाई अशी हसली की बाज करकरली. "हुशार लोक हायेत. आमी म्हनलं, ही आमची न्हाई. त्यायनं म्हनलं, हे लेकरूच न्हाई. मरण दोन्हीकडं येडं झालं. किती जगली मंग ती?"

"ब्याण्णव वर्षं. मधे मोठं युद्ध झालं. तिच्या गावातली आमची माणसं कुणी उरली नाहीत. ती उरली."

दादीचं हसू विरलं. तिनं पडद्यावरच्या त्या बाईच्या गालाला बोटं लावली आणि आपल्या कानशिलावर मोडली. एस्तेरबाईंना त्याचा अर्थ मिनानं सांगितला नाही, सांगावाही लागला नाही.

उजवा रकाना मग भरभर भरला. भिका ती आल्टे. शनिवारी जन्मलेल्या मुलाला ज्यू लोक शब्तई म्हणत, म्हणजे थावराच. त्यांच्यात शनिवारी कामाला हात लावत नाहीत, हे कळल्यावर लिंबाच्या बुंध्याला टेकलेले मिनाचे वडील म्हणाले, आपलं नाव मूळचं तिकडचंच दिसतंय.

फ्रेंच रकाना मात्र अडला. थावराला एस्तेरबाईंनी तूसाँ सुचवलं. तो सणही आहे आणि त्या दिवशी जन्मलेल्याचं नावही. मीठ त्या सणाला पोचलं पाहिजे, असा राजाचा हुकूम करायचा. "वार न्हाई, पन दिवस हाय. चालतंय," भिकाबाईनं मंजुरी दिली. भिकासाठी बाई म्हणाल्या, देझिरे. नवसानं झालेली, हवीहवीशी.

"नगं. हवी म्हनलं की गेली," दादी म्हणाली. "तिला सांग, नको असल्यावानी नाव पायजे, अन ठेवनाऱ्याचा जीव त्यात पायजे."

मिना थक्क होऊन ऐकत होती. पुण्यात ती तीन वर्षं अनुवाद शिकली, पण इतकं सरळ तिला कुणी सांगितलं नव्हतं. जिला स्वतःची सही येत नाही, ती बाई नावाच्या आत काय ठेवलेलं असतं ते दाखवत होती, आणि आपण हेच नाव सहा वर्षं लपवलं, याची मिनाला आता खरी लाज वाटली.

एस्तेरबाईंनी चष्मा लावला, काढला. शेवटी म्हणाल्या, "आमच्याकडं चर्चच्या दारात सोडलेली लेकरं मिळायची. त्यांचं नाव ठेवत त्रूव्हे. सापडलेली."

"दारात टाकलेली, सापडलेली," दादीनं मान डोलावली. "व्हय. हिला मरण हात लावायचं न्हाई. लिही."

मिनानं लिहिलं. मग न विचारता तक्त्याच्या वरची लेखिकेच्या नावाची ओळ खोडली, आणि 'बी. राठोड'च्या जागी देवनागरीत लिहिलं, भिकाबाई राठोड.

पोळ्याच्या आदल्या दिवशी कळमनुरीहून पार्सल आलं. दोन पुस्तकं, दोन्हींवर मोठ्या अक्षरात तिचं नाव. दादीनं एक एका मांडीवर, दुसरं दुसऱ्या मांडीवर ठेवलं आणि हात फिरवत म्हणाली, "वाच."

"वर दोनीकडं भिकाबाई राठोड. आत गोष्टीत ह्याच्यात त्रूव्हे अन ह्याच्यात आल्टे."

"म्हंजे मपली तीन नावं झाली?"

"तीन."

"बरं झालं," भिकाबाई म्हणाली. "मरण इकडं आलं तर तुमी सांगा, ती लियोंला गेली. तिकडं गेलं तर ती बाई सांगंल, कळमनुरीकडं राहती. बसू द्या हेलपाटे घालत."