तळाशी निघालेली अळंबी

शनिवारच्या बाजारात दोघी जावांचं टेबल पाववाली आणि मधवाला यांच्या मधोमध असे. थोरली रानातून अळंब्या वेचून आणायची, धाकटी विकायची. बावीस वर्षांत थोरलीच्या हातून एकही वाईट अळंबी बाजारात आली नव्हती. "मला वासावरूनच कळतं, डोळे नुसते सोबतीला," असं ती म्हणायची आणि गिऱ्हाइकं हसायची. त्या शनिवारी मात्र आदल्या दिवशीच्या वेचणीने तिचा गुडघा धरला होता, म्हणून धाकटी एकटीच आली होती.

साडेदहाच्या सुमाराला तिसऱ्या टोपलीचा तळ दिसू लागला. दोनच अळंब्या उरल्या होत्या. धाकटीने सहज एक उचलली, उलटी केली आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. टोपीखालचे पापुद्रे पांढरेशुभ्र होते. देठाच्या बुडाशी फाटक्या पिशवीसारखं आवरण होतं. ती नवी नवरी असताना थोरलीने तिला पहिली गोष्ट शिकवली होती, ती हीच: अशी पिशवी दिसली की हातसुद्धा लावायचा नाही.

दुसरी अळंबी चांगली होती. पण सकाळी ती टोपली भरलेली होती, आणि त्यातलं बाकी सगळं विकलं गेलं होतं.

"काय गं, चेहरा का असा पडलाय?" पाववालीने विचारलं.

"माझ्याकडून कोणी कोणी घेतलं, बघितलंस का तू? या टोपलीतून?"

पाववालीची नजर कावळ्याची. तिने बोटांवर मोजत सांगितलं, "मधवाल्याची बायको, चौकातला न्हावी आणि ते घड्याळजी काका."

मधवाल्याच्या बायकोची पुडी तिच्या पिशवीतच होती. धाकटीने ती जवळजवळ हिसकावून घेतली. मग ती चौकाकडे पळाली. न्हाव्याने पुडी आरशाशेजारच्या खिळ्याला लटकवली होती. समोर गिऱ्हाईक अर्धवट दाढी करून बसलेलं. "हे परत द्या, नंतर सांगते," म्हणत तिने पुडी खाली ओतून एकेक तपासली. सगळ्या निर्धोक. मधवाल्याच्या बायकोच्याही.

म्हणजे उरले घड्याळजी. आणि सकाळी पुडी घेताना ते म्हणाले होते, "आज जेवणाची वाट बघत नाही, नाश्त्यालाच लोण्यावर परतून खातो."

त्यांचं घर पाववालीने सांगितलं होतं. शिंप्याच्या दुकानावरचा मजला, निळं दार. धाकटी ते अंतर कशी गेली, तिचं तिला कळलं नाही. जिन्यातच तिला लोण्यात काहीतरी परतल्याचा वास आला.

दार उघडलं तेव्हा काका तोंड पुसत होते. "अरे वा! घरपोच सेवा केव्हापासून सुरू केलीत? या, दोन घास उरलेत."

"काका, खाल्लंत?"

"म्हणजे काय! ताटली चाटायचीच बाकी आहे."

ती त्यांना ओलांडून ओट्याशी गेली. देठांचे कापलेले बुडखे वर्तमानपत्रावर पडलेले होते. ती एकेक उलटा करत गेली. पाच, सहा, सात. आठव्याला पिशवी होती.

"काका, कोट घाला. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचंय."

"मला काही झालेलं नाही, पोरी. पोट अगदी मस्त आहे."

"तेच तर! याचा त्रास लगेच होत नाही हो," ती रडवेली होऊन म्हणाली. तिने बुडखे, उरलेली भाजी, सगळं डब्यात भरलं. आता मात्र काकांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्यांनी कोटाची बटणं लावायला घेतली. आयुष्यभर घड्याळांचे केसाएवढे काटे बसवलेल्या त्या बोटांना एकही बटण लागेना. धाकटीने पुढे होऊन ती लावून दिली.

डॉक्टरीणबाईंनी डबा उघडून बघितला आणि लगेच परिचारिकेला हाक मारली. मग त्यांनी काकांना कोळशाची काळी पूड पाण्यात कालवून पाजली, हाताला सुई लावली आणि धाकटीला बाहेर नेलं. "तासाभरात आणलंत, हे चांगलं केलंत. पण तीन दिवस काही सांगता येणार नाही. मध्येच बरं वाटेल, त्यावर जाऊ नका. रोज यकृत तपासू."

संध्याकाळी धाकटी घरी आली. थोरली पाय वर घेऊन बसली होती. धाकटीने ती पिशवीवाली अळंबी तिच्या समोर धरली. "जाऊबाई, हे काय आहे?"

थोरलीने अळंबी डोळ्यांजवळ नेली, मग खिडकीकडे, मग परत डोळ्यांजवळ. तिला ती दिसतच नव्हती, हे धाकटीला तेव्हा कळलं.

"कधीपासून?"

"वर्ष झालं," थोरली पुटपुटली. "धुकं असतं सगळीकडे. तुला सांगितलं असतं तर मला रानात जाऊ दिलं असतंस का?"

धाकटी तिच्यावर ओरडणार होती. पण बावीस वर्षं ती स्वतः तरी टोपली न तपासताच टेबलावर मांडत आली होती.

पहिल्या रात्री काकांना ओकाऱ्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी ते उठून बसले, चहा मागितला, आणि धाकटीला त्याचीच जास्त धास्ती वाटली. तिसऱ्या दिवशी डोळे किंचित पिवळे दिसले. ती खाटेच्या पायाशी बसून राहिली. कोणी तपासणीचा कागद घेऊन आत आलं की ती उठून उभी राहायची. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आकडे उतरायला लागलेत. आता घाबरू नका."

घरी सोडायच्या दिवशी थोरली काठी टेकत दवाखान्यात आली. दारातच उभी राहिली, आत येईना.

"बसा हो," काका म्हणाले. ते निम्मे झाले होते. "एक विचारायचंय तुम्हाला. एवढी विषारी चीज, ती कडू का नसते? मी तर बोटं चाटली."

थोरलीने डोळे मिटले. "नसते कडू," ती म्हणाली. "फार गोड लागते म्हणतात."

धाकटीने काकांची पिशवी उचलली, थोरलीचा हात धरला, आणि तिघं सावकाश दवाखान्याचा जिना उतरू लागले.