रुमालाखालचा भाव

बायको प्रेमला काविळीने गेली, ही खबर सयाजीला वाशीच्या कांदा मार्केटात पाठीवर गोणी असताना कळली. त्याने गोणी थप्पीला लावली आणि मग खाली बसला. पुढे थोड्याच दिवसांत त्याची पोरगी राजेश्वरी भिंतीशी बोलू लागली. आई हाक मारते म्हणायची. तिने जेवण सोडलं, शाळा सोडली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. हा मनाचा आजार आहे, गुण यायला काही आठवडे लागतील, असं समजावलं.

आठवडे म्हटल्यावर कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीचा विश्वास उडाला. वसाहतीला शुक्रवारपर्यंत गुण पाहिजे होता, कारण शुक्रवारी महाराज येत.

समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नसे. महाराजांपुढे तोंड उघडायचं नाही, अशी अट होती. गाऱ्हाणं बाहेर रांगेत शिष्याला सांगायचं. मग शिष्य आत येऊन महाराजांचा हात धरी, हातांवर भगवा रुमाल पडे, आणि महाराज डोळे मिटून सांगत, घरात माणसं किती, त्रास किती महिन्यांचा. आकडा बरोबर निघाला की बायका हात जोडत. रुमालाखाली देवी बोलते म्हणत. देवीला आकड्यांपलीकडे काही येत नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

शेजारच्या वेणूबाईने धोशा लावला, म्हणून सयाजी पोरीला घेऊन गेला. घरात तीन होती, आता दोन उरली, असं महाराजांनी बरोबर सांगितलं. मग हुकूम सोडला. आईच अंगात आली आहे, गोळ्या खाडीत टाका, पोरीला पाच शुक्रवार उपाशी कोंडा. राजेश्वरी आधीच काडी झाली होती. सयाजीने तिला जवळ ओढलं.

पण त्याची नजर रुमालावर होती. खाली बोटं हलत होती. बाजारात व्यापारी आणि दलाल असाच रुमाल टाकून, एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात. जितकी बोटं तितका आकडा, शेजारच्याला पत्ता नाही.

"महाराज, एकदा माजा हात धरा," सयाजी म्हणाला. "बायको माजी व्हती. देवीला जवळनं इचारतो."

गर्दीसमोर नाही म्हणता येईना. सयाजीने रुमालाखाली हात घालून चार बोटं धरली.

"चार," महाराज डोळे मिटून म्हणाले. "चार आत्मे फिरतात घरात."

सयाजीने अख्खा पंजा धरला.

"पाचवा आत्ताच आला."

सयाजीने दोनच बोटं धरली. महाराज चाचरले. "आता... दोन राहिले."

"मंग तीन गेलं कुठं? भाव पडला का?"

मागे बसलेले माथाडी आधी हसले. त्यांच्यातले म्हातारे आप्पा मान पुढे काढून विचारते झाले, "महाराज, बाजारात कंच्या गाळ्यावर व्हता?" शिष्य चपला शोधू लागला.

सयाजीने तोच रुमाल वेणूबाईच्या हातावर टाकून तिची तीन बोटं धरली. "बोला वहिनी, किती?"

"तीन," ती म्हणाली, आणि ओशाळली. "पन भावजी, मग पोरीला हाक कोन मारतंय?"

"आजार. काविळीत डोळं पिवळं झालं, तवा प्रेमलाला भूत लागलं असं कुनी म्हनलं न्हाय. ह्या आजारात आवाज ऐकू येत्यात. मग पोरीलाच का म्हनायचं?"



महाराज पुन्हा आले नाहीत. राजेश्वरी गोळ्या घेते, झोपते, दोन घास जेवते. हाक कमी झाली आहे, थांबलेली नाही. डॉक्टरीणबाईंनी औषधाबरोबर माणसांची सोबतही सांगितली आहे. वसाहतीतल्या आयांनी आपल्या पोरींना अजून तिच्याकडे पाठवलेलं नाही.