टाचण्यांची गादी

घरोघरी हे रडगाणं असतंच. पोरीला मनापासून काही शिकायचं असतं आणि घरातलं मोठं माणूस विचारतं, "त्यानं चूल पेटणार आहे का?"

शिवणाच्या दुकानाच्या मालकीणबाईंनीही तेच विचारलं. नातीला बॅले शिकायचं होतं.

"चवड्यांवर टुणटुण उड्या मारून काय होतं गं? तुझ्या आईनं लहानपणी तेच केलं. शेवटी माझ्याच दुकानात काजं-बटणं करतेय ना!"

सून काजं करतच होती. मान खाली, पण पाठ ताठ. ही पाठ सासूला पहिल्या दिवसापासून खुपायची. त्यांना तो ताठा वाटायचा. म्हणून तर लग्नाच्या वर्षीच, सुनेनं माहेराहून आणलेले साटिनचे बॅलेचे बूट त्यांनी कात्रीखाली घातले, चिंध्या भरून टाचण्या खोचायची गादी केली. सून तेव्हापासून त्याच गादीत टाचण्या खोचत आली.

नातीला नकार दिला त्याच आठवड्यात मालकीणबाई दुकानाच्या पायरीवरून पडल्या. हाड वाचलं, तोरा मोडला. डॉक्टर म्हणाले, चाला. पण पाऊल उचललं की पुन्हा पडायच्या भीतीनं जीव उडायचा!

एके दुपारी सुनेनं त्यांना कापड बेतायच्या टेबलाशी उभं केलं.

"आई, टेबलाच्या कडेवर हात ठेवा. आवळू नका, नुसता टेकवा. पायाकडे बघू नका, समोर बघा. आता टाचा उचला, सावकाश."

"ह्या वयात नाचवतेस होय मला?"

"तोल शिकवतेय. आम्हाला आधी हेच शिकवायचे. पडलात तर उठा, पुन्हा करा."

"इतक्या वर्षांनी आठवतं तुला?"

"डोकं विसरलं, अंग विसरत नाही. मशीनवर बसून तुमची कंबर धरते, माझी धरत नाही. आणि तुम्ही ओरडता तेव्हा मी श्वास सांभाळून उभी राहते ना, तेही तिथलंच." ती हसली. "नाहीतर ह्या घरात टिकले असते का मी?"

सासूही हसल्या. मग त्यांनी समोर बघितलं. समोर फळीवर तीच गादी होती. विटलेलं गुलाबी साटिन, अंगभर टाचण्या.

अगं बाई! जे शिक्षण आज आपल्याला उभं करतंय, त्यालाच आपण इतकी वर्षं टोचत बसलो!

"ही... फेकून देऊ का गं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"राहू द्या. मग टाचण्या खोचायच्या कुठे?" सून सहज बोलली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

बॅलेच्या बुटांना पट्ट्या घरीच शिवाव्या लागतात. नातीच्या नव्या बुटांना त्या आजीनं शिवल्या. दोन्ही पट्ट्या दुहेरी टाक्यांनी पक्क्या केल्या, आणि शिवताना मान काही वर झाली नाही.

बायांनो, पोरीच्या अंगी मुरलेलं शिक्षण कुणाच्या कात्रीला कापता येत नाही. ते जन्मभर तिला ताठ ठेवतं, आणि वेळ आली तर तुम्हालाही हात देतं. कात्री उचलण्याआधी एवढं ध्यानात ठेवा. बूट परत जोडता येत नाहीत.